एका नावाचा पसारा

हैदराबादेत तारनाक्याच्या चौकात उस्मान हे नाव दिवसभर कुठून ना कुठून कानावर येत राहतं. विद्यापीठाकडे जाणारा रिक्षावाला ते घेतो. इराण्याच्या काउंटरवर पाव किलो उस्मानिया बिस्किटं तोलली जातात, गोड आणि किंचित खारी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या पत्त्यात 'जामई उस्मानिया' हे टपाल कार्यालय येतं आणि लोकलचं स्टेशनही त्याच नावाचं आहे. आजारी माणसाला 'उस्मानियात दाखवा' म्हटलं की अफझलगंजचं मोठं सरकारी इस्पितळ समजायचं. पण हे नाव घेणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उस्मान नावाचा माणूस नसतो. बारशाला ठेवलेलं नाव माणसाच्या हातून सुटून इतकं दूर कसं जातं, हा प्रश्न मला या चौकाने दिला. त्याचं उत्तर शोधताना मराठवाडा आणि हैदराबाद ही एकाच गोष्टीची दोन टोकं असल्याचं लक्षात आलं.

माणूस म्हणजे मीर उस्मान अली खान, सातवे निजाम. जन्म 1886, गादीवर आले 1911 मध्ये, संस्थान संपलं 1948 मध्ये, मृत्यू 24 फेब्रुवारी 1967. त्यांचं नाव त्यांच्याआधी शेकडो वर्षं चालत आलेलं होतं. इस्लामचे तिसरे खलिफा उस्मान आणि तुर्कस्तानात साम्राज्य उभं करणारा उस्मान, दोघांमुळे या नावाला धर्माचं आणि सत्तेचं वजन होतं. 1931 मध्ये निजामाच्या थोरल्या मुलाचं लग्न फ्रान्समधल्या नीस शहरात दुर्रेशहवार यांच्याशी झालं. त्या शेवटच्या खलिफांची कन्या, म्हणजे त्या तुर्की उस्मानाच्या घराण्यातली मुलगी. एका उस्मानाच्या वंशातली सून दुसऱ्या उस्मानाच्या घरी आली.

राजाचं नाव पसरवायचं कसं, याची घडी निजामाच्या घराण्यात आधीच बसलेली होती. अफझलगंज हे उस्मान अलींच्या आजोबांच्या नावाचं, महबूबनगर वडिलांच्या नावाचं. व्यक्तीचं एकच नाव घ्यायचं आणि त्याला प्रत्यय जोडायचा: गंज, नगर, आबाद, सागर, शाही, इया. उस्मान अलींच्या काळात हा कारखाना जोरात चालला. मुसी नदीच्या 1908 च्या महापुरानंतर बांधलेलं धरण उस्मानसागर झालं, धाराशिव उस्मानाबाद झालं, नांदेडची गिरणी उस्मानशाही मिल झाली. संस्थानचं चलनही 'उस्मानिया सिक्का', हिशेबाच्या कागदांत नुसतं 'ओ. एस.' त्या नाण्यावर चारमिनार आहे आणि त्याच्या मधल्या कमानीत 'ऐन' हे अक्षर. उर्दूत उस्मान लिहिताना पहिलं येतं ते हे अक्षर. वडिलांच्या नाण्यांवर त्याच जागी महबूबचा 'मीम' होता. नाव झिजत एका अक्षरावर आलं आणि त्या अक्षरावर बाजार चालला.

ही रीत फक्त दख्खनची नाही. स्वीडनमध्ये कार्ल हे अस्सल जुनं नाव आहे, आपल्याकडच्या गणपत-विठ्ठलसारखं घरोघरचं. 1584 मध्ये ड्यूक कार्लने एका गावाला शहराचे हक्क दिले आणि ते कार्लस्टाड झालं. 1680 मध्ये अकराव्या कार्लने आरमारासाठी वसवलेलं शहर कार्लस्क्रोना झालं. तिथल्या पंचांगात 28 जानेवारी हा कार्ल नावाचा दिवस आहे, त्या दिवशी त्या नावाच्या माणसांना शुभेच्छा देतात. सप्तर्षींनाही तिकडे 'कार्लची गाडी' म्हणतात. सम्राट शार्लमेनचं नावही मुळात कार्लच. त्यावरून चेक भाषेत 'क्राल' आणि पोलिश भाषेत 'क्रुल' असा राजासाठीचा साधा शब्दच तयार झाला. एका माणसाचं नाव इतकं झिजलं की त्यातला माणूस संपला आणि पद उरलं.

आपल्याकडेही पुण्यात सदाशिव पेठेतून जाताना पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ कुणाला आठवतात? मराठी माणूस आपल्या इतिहासावर इतकं प्रेम करतो, तरी पेठेचं नाव घेताना त्याला पेठच दिसते. प्रत्यय लागला की नाव जागेचं होतं, आणि जागा ही वापरणाऱ्यांची असते.

मात्र लोक प्रत्येक नाव स्वीकारतात असं नाही. उस्मानसागराला हैदराबादेत कुणी उस्मानसागर म्हणत नाही, ते गंडीपेट. इथलं पाणी प्यायलेला माणूस हे शहर सोडत नाही अशी जी म्हण आहे, ती गंडीपेटच्या पाण्याचीच. महबूबनगरचा माणूस आपल्याला पालमूरचा म्हणवतो, तेलुगू गाण्यांत-भाषणांत पालमूरच येतं. आणि उस्मानाबाद हे नाव कचेरीत, रेल्वेत, नकाशावर पक्कं बसलं तरी खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी धाराशिवच राहिलं. गावाबाहेरची जुनी लेणीही धाराशिवचीच लेणी होती. तिथे नाव बदललं नव्हतं, कागद बदलला होता.

म्हणून धाराशिवचं नाव परत आलं ते मला योग्य वाटतं. जे नाव लोकांच्या तोंडी जिवंत आहे त्याला कागदावरही जागा मिळाली पाहिजे. राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय 2022 मध्ये झाला आणि केंद्राची मान्यता 24 फेब्रुवारी 2023 रोजी जाहीर झाली. सातव्या निजामांच्या मृत्यूला त्याच दिवशी 56 वर्षं पूर्ण झाली होती. हा नुसता योगायोग, पण चटका लावणारा. तरीही उस्मान त्या जिल्ह्यातून पुरता गेलेला नाही. 2024 ची लोकसभेची निवडणूक 'उस्मानाबाद' मतदारसंघातच झाली. आणि उस्मानाबादी शेळी आहे. बहुतेक काळी, काटक, दुष्काळात तगणारी, बऱ्याचदा जुळी करडं देणारी ही जात कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातली अडीअडचणीची ठेव आहे. बाजारात घेणारा 'उस्मानाबादी आहे का' असंच विचारतो, कारण त्या शब्दात त्याला दूध, मांस, वेत आणि भाव एवढं सगळं कळतं. निजामाचं नाव आज सर्वांत खात्रीने टिकलं असेल तर ते शेळीपालकाच्या दाव्यापाशी.

आता उस्मानियाकडे वळतो, कारण नावाचा खरा प्रवास तिथे झाला आहे. 26 एप्रिल 1917 च्या फर्मानाने हे विद्यापीठ मंजूर झालं आणि 1918 मध्ये सुरू झालं. शिक्षणाचं माध्यम इंग्रजी नाही, उर्दू, हे त्या काळी मोठं धाडस होतं. वैद्यक, कायदा, गणित उर्दूत आणण्यासाठी भाषांतराचं स्वतंत्र खातं उभं राहिलं. कला महाविद्यालयाची भव्य दगडी इमारत 1939 मध्ये खुली झाली. देशी भाषेत उच्च शिक्षण देता येतं, हे या संस्थेने करून दाखवलं. पण ती भाषा संस्थानातल्या बहुसंख्य लोकांची नव्हती. तेलुगू, मराठी आणि कानडी घरांतल्या मुलांना तिथेही परक्या भाषेतूनच शिकावं लागलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एक सांगताना दुसरी दडवू नये.

1938 मध्ये वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून त्यांना काढून टाकण्यात आलं. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. त्याच लढ्यातल्या एका सत्याग्रहीच्या नावाला तर ती घोषणाच चिकटली आणि ते जन्मभर वंदेमातरम् रामचंद्रराव म्हणून ओळखले गेले. निजामाच्या नावाचं विद्यापीठ तेव्हापासून निजामाच्या विरोधकांचंही झालं. 1969 मध्ये आणि पुन्हा 2009 मध्ये तेलंगणाच्या आंदोलनाने पेट घेतला तो याच कॅम्पसवर. तारनाक्याच्या रस्त्यांवर अश्रुधुराची नळकांडी पडली. 'ओयू' ही दोन अक्षरं आंदोलनाची खूण झाली. घोषणा देणाऱ्या मुलाला त्या 'ओ'मधला निजाम ठाऊकही नसेल, किंवा ठाऊक असून त्याचं काही वाटत नसेल. नाव त्याचं झालेलं होतं. उस्मानियाचं नाव बदला अशी मागणी कुणी केली तर मी तिच्या विरोधात उभा राहीन, आणि ते धाराशिवला पाठिंबा देताना वापरलेल्याच न्यायाने: ज्यांच्या तोंडी नाव जिवंत आहे त्यांचा हक्क पहिला.

मराठी वाचकासाठी या विद्यापीठाचं महत्त्व आणखी एका कारणाने आहे. 1958 पर्यंत मराठवाड्यातली महाविद्यालयं याच विद्यापीठाशी संलग्न होती. शंकरराव चव्हाण वकील झाले ते उस्मानियाच्या पदवीवर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये औरंगाबादेत काढलेलं मिलिंद महाविद्यालयही उस्मानियाच्याच छत्राखाली होतं. 12 जानेवारी 1953 रोजी उस्मानियाने बाबासाहेबांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. ज्या देशात त्यांनी राज्यघटना उभी केली, तिथल्या विद्यापीठांकडून असा मान त्यांच्या वाट्याला फार कमी आला, म्हणून या पदवीची आठवण आपण जपायला हवी.

1958 मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ वेगळं झालं. नव्या विद्यापीठाने राजाचं नाव घेतलं नाही, प्रदेशाचं घेतलं. लोकशाहीच्या पहिल्या काळातली नावं अशीच आहेत: भूमीची, नदीची, भाषेची. मग प्रश्न आला की या भूमीवर शिक्षण ज्याने खालच्या थरापर्यंत नेलं त्याचं नाव का नको. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. गावोगावी दलितांची घरं जाळली गेली, पोचिराम कांबळे यांच्यासारख्यांचे बळी गेले. त्यानंतर सोळा वर्षं मोर्चे, तुरुंग, लाठ्या. 1993 मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. 14 जानेवारी 1994 रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव झालं, जुनं नाव ठेवून नवं जोडणारा नामविस्तार म्हणून. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं विद्यापीठ सुरू झालं. उस्मानियाच्या कुशीतून निघालेल्या मराठवाडा विद्यापीठाचीच ती शाखा. रामानंद तीर्थांचं मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. संन्यास घेताना त्यांनी ते टाकलं, निजामाविरुद्धचा लढा नव्या नावाने लढला आणि विद्यापीठाला मिळालं तेही संन्यासातलंच नाव.

इथे नाव देण्याची कल्पना पुरती पालटलेली दिसते. फर्मानातून आलेल्या नावात एकटं 'उस्मान' असायचं आणि प्रत्यय. मागून, भांडून, रक्त सांडून मिळवलेलं नाव पदवीसकट, आदरार्थी संबोधनासकट, आडनावासकट येतं. त्याला कुणी 'इया' जोडून विशेषण करू शकत नाही. ज्यांना शतकानुशतकं अर्ध्या नावाने, 'अरे-तुरे'ने हाक मारली गेली त्यांनी आपल्या माणसाचं नाव पुरतं लिहायला लावलं. या पूर्ण नावाची लांबी मला म्हणूनच महत्त्वाची वाटते, आणि 'बामू' हा संक्षेप ऐकला की वाईट वाटतं. 'ओयू' म्हटल्याने निजामाचं काही जात नाही. 'बामू' म्हटल्याने मात्र सोळा वर्षांचा लढा ज्या अक्षरांसाठी झाला तीच अक्षरं गाळली जातात. बातमीत, पाटीवर, पदवीवर आणि बोलण्यातही ते नाव पुरतं यावं.

हैदराबादेतही बाबासाहेबांच्या नावाचं विद्यापीठ आहे. 1982 मध्ये सुरू झालेल्या मुक्त विद्यापीठाला पुढे ते नाव मिळालं, पण तिथे पाटी 'डॉ. बी. आर. आंबेडकर' अशी आहे. तेलुगू मुलखात नाव आद्याक्षरांनी चालतं. पी. व्ही., एन. टी., वाय. एस. हीच इथली ओळख करून द्यायची रीत. 'बाबासाहेब' हे घरातल्या वडीलधाऱ्याचं संबोधन मराठी आहे, ते पाटीपर्यंत पोचलं नाही. इथे अनेक वर्षं राहणाऱ्या मराठी माणसाला ही उणीव जाणवते.

पण पाटीवर न पोचलेली जवळीक दुसऱ्या वाटेने पोचली आहे. 'जय भीम' या अभिवादनाचं श्रेय कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांना दिलं जातं. 1939 मध्ये ऐन तारुण्यात ते वारले, अभिवादन देशभर गेलं. भीमराव या पाळण्यातल्या नावाचं पहिलं पद, मागे प्रत्यय नाही, पुढे पदवी नाही. तरी त्यातला माणूस हरवलेला नाही. एकाने म्हणायचं आणि दुसऱ्याने तेच परत करायचं, अशी त्याची रचना आहे. प्रत्येक वेळी दोन माणसं समोरासमोर येतात आणि मध्ये तिसरा, ज्याच्यामुळे ती दोघं ताठ मानेने उभी आहेत. उस्मानियाच्या कॅम्पसवर तेलुगू बोलणारी मुलं एकमेकांना 'जय भीम' म्हणतात. अक्षरांची वळणं तेलुगू, उच्चार थोडा लांबवलेला, पण नाव रामजी सकपाळांच्या घरात ठेवलेलं तेच.