कसोटीस उतरले, पण कोठे?

एखादे औषध अथवा उपकरण शास्त्रीय कसोटीस उतरले आहे, असे वाचले म्हणजे आपल्यासारख्या सुशिक्षित गृहस्थांचा जीव भांड्यात पडतो. ती कसोटी कोठे झाली, कोणावर झाली आणि कोणत्या स्थितीत झाली, हे विचारण्याचे आपणांस सहसा सुचत नाही. प्रयोगशाळेने दिलेले प्रशस्तिपत्र घरोघरी कितपत लागू पडते, आणि पडत नसेल तर त्या अंतराची जबाबदारी कोणावर, हा प्रश्न वैद्यकाइतकाच नीतीचाही आहे. म्हणून त्याचा येथे थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम प्रयोगशाळेची बाजू समजून घेणे न्याय्य होईल. तेथील परिस्थिती कृत्रिम असते खरी. परंतु हा तिचा दोष नसून तिचे बळ आहे. रोगी औषध घेतो, त्याच वेळी पथ्य पाळतो, विश्रांती घेतो आणि पुष्कळदा निसर्गक्रमानेच बरा होतो. गुण नेमका कशाने आला हे ठरवावयाचे तर बाकीची कारणे बाजूस काढावीच लागतात. म्हणून ‘आम्हांस गुण आला, मग कसोटी हवी कशाला?’ असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसू शकत नाही. आमची शंका निराळी आहे. जी कारणे प्रयोगापुरती बाजूस काढली, ती पुढे हिशेबात धरावयाची कोणी?

बोटास लावावयाच्या ऑक्सिमीटरचे उदाहरण घेऊ. ह्या उपकरणाचे तत्त्व जपानमध्ये ताकुओ आओयागी ह्यांनी १९७४ च्या सुमारास शोधिले. बोटातून तांबडा व अवरक्त असे दोन प्रकाश पाठवावयाचे आणि ते रक्तात किती शोषले जातात त्यावरून प्राणवायूचे प्रमाण काढावयाचे, अशी ही युक्ती आहे. २०२० साली करोनाच्या साथीत ते आपल्या घराघरांत पोहोचले. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ह्या मोहिमेत स्वयंसेवक ते घेऊन दारोदार फिरले. रोग्यास घरी ठेवावे की रुग्णालयात न्यावे, ह्याचा निर्णय कित्येकदा त्यावरील दोन आकड्यांवर होत असे.

आता ह्याची परीक्षा कशी होते ते पाहावे. निरोगी स्वयंसेवकांस कमी प्राणवायूची हवा देऊन यंत्राचा आकडा त्यांच्या धमनीतील रक्ताशी ताडून पाहतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २०१३ च्या मार्गदर्शनानुसार अशी किमान १० माणसे पुरत. त्यांपैकी निदान २, अथवा एकूण संख्येच्या १५ टक्के, गडद वर्णाची असावीत एवढीच अपेक्षा होती. त्वचेतील काळे रंगद्रव्यही प्रकाश शोषते, ही गोष्ट मात्र यंत्रास कोण सांगणार? १९९० साली अतिदक्षता विभागातील रोग्यांवर केलेल्या एका अभ्यासात हा दोष दाखवून दिला होता. पुढे तीस वर्षांनी, डिसेंबर २०२० मध्ये, मिशिगनमधील संशोधकांनी हजारो मोजमापे तपासली. यंत्र ९२ ते ९६ टक्के असा समाधानकारक आकडा दाखवीत असता रक्तातील खरे प्रमाण ८८ टक्क्यांहून कमी निघाले, असे गोऱ्या रोग्यांत ३.६ टक्के वेळा व कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के वेळा आढळले. नियमांचा नवा मसुदा निघावयास जानेवारी २०२५ उजाडला.

हे आकडे जसेच्या तसे आपल्या घरांस लावणे योग्य होणार नाही. तसे केल्यास एका ठिकाणचे मोजमाप दुसरीकडे नेण्याची तीच चूक आपण करू. आपल्या वर्णांच्या माणसांवर, गारठलेल्या बोटांवर, रक्ताभिसरण मंदावलेल्या रोग्यांवर काय होते, हे येथेच मोजले पाहिजे.

यावर असा आक्षेप येईल की, सर्व तऱ्हेच्या माणसांवर परीक्षा घेत बसल्यास उपयुक्त वस्तू हाती येईपर्यंत रोगी दगावतील. आक्षेप क्षुल्लक नाही. अपुऱ्या परीक्षेच्या ह्याच यंत्राने कित्येकांस वेळीच रुग्णालयाची वाट दाखविली. परंतु वस्तू लवकर देणे आणि तिची परीक्षा संपली असे मानणे, ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. पोलिओच्या तोंडावाटे द्यावयाच्या लशीची हकीकत येथे बोधप्रद आहे. संपन्न देशांत तिच्या तीन मात्रा पुरत. वेल्लोर येथे डॉ. टी. जेकब जॉन ह्यांना मात्र आढळले की, आपल्याकडील मुलांत तितक्या मात्रांनी तेवढे संरक्षण उत्पन्न होत नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने उत्तर प्रदेशात पोलिओच्या पहिल्या प्रकाराविरुद्ध एका मात्रेची परिणामकारकता अवघी ९ टक्के ठरविली. मात्रा देऊनही मूल पांगळे झाले, तर आईबापांच्या हयगयीवर दोष ढकलणे सोपे होते. त्याऐवजी मात्रा वाढविल्या, लशीची घडण बदलली. आणि जानेवारी २०११ नंतर ह्या देशात रानटी विषाणूच्या पोलिओचा रोगी आढळला नाही. लस थांबविली नाही आणि तिच्या उणिवेवर पांघरूणही घातले नाही, ह्यातच त्या यशाचे मर्म आहे.

तेव्हा जबाबदारी कोणाची? जो वस्तू विकतो त्याने ती कोणावर पारखली हे स्पष्ट सांगावे. जो अनुज्ञा देतो त्याने अनुज्ञेनंतरही डोळे उघडे ठेवावेत. एवढे लिहून थांबणे आम्हांस सोयीचे झाले असते. पण एक वाटा आपलाही आहे. आपल्या वर्गातील पुष्कळ घरांत औषध पारखलेले हवे असते, परंतु पारखले जाणारे शरीर दुसऱ्या कोणाचे तरी असावे, अशी न बोललेली अपेक्षा असते. वृद्ध, गर्भवती, अनेक व्याधींनी ग्रासलेली आपली माणसे परीक्षेतून वगळली गेली म्हणून आपण तक्रार करतो. आणि त्यांना त्यात येण्याची विनंती झाली की दार लावून घेतो. पुरती माहिती घेऊन, संमतीचा प्रत्येक शब्द तपासून, धोका वाटल्यास नकार देण्याचा हक्क राखूनही, ह्या कामात भाग घेता येतो. कसोटी आपल्या घरास लागू पडावी असे वाटत असेल, तर ती केव्हातरी आपल्या घरीही व्हावी लागेल.