चोपडा कोणाचा?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नंदुरबारच्या बाजारपेठेत अजूनही लाल बांधणीची कोरी वही पाटावर मांडली जाते. वहीवर कुंकवाचं स्वस्तिक, शेजारी पेन, आणि गेल्या काही वर्षांत लॅपटॉपही. त्यालाही हळद-कुंकू लागतं, एखादं बटण लाल होतं, पोरं हसतात. पूजा झाली की वही कपाटात जाते आणि पुढच्या दिवाळीपर्यंत कोरीच राहते. दुकानाचा खरा हिशोब असतो माझ्यासारख्या करसल्लागाराच्या ऑफिसात, आणि मालक तो वर्षातून एकदाही उघडून पाहत नाही.

आमच्या व्यवसायातली नवी मुलं मला नेहमी विचारतात, अशिलांच्या हिशोबासाठी कोणती पद्धत धरू? टॅली बरं, की ऑनलाइन चालणारं एखादं सॉफ्टवेअर? बिलांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवू, की पिशवीतला गठ्ठाच मागवू? प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या आधीचा एक प्रश्न कोणी विचारत नाही. तो असा, की हा चोपडा आहे कोणाचा?

१ जुलै २०१७ ला जीएसटी सुरू झाला. योगायोग असा की आमचा जिल्हाही धुळ्यातून वेगळा झाला तो १ जुलैलाच, १९९८ साली. जीएसटीच्या त्या पावसाळ्यात नोंदणीची एवढी घाई होती की आम्ही रात्री दहा-दहापर्यंत बसायचो. अर्जात ईमेल लागायचा, बहुतेकांकडे तो नव्हताच. मोबाइल लागायचा, तर ओटीपी आला की दर वेळी दुकानदाराला फोन कोण करणार? मग मी माझाच ईमेल टाकला, माझाच मोबाइल नंबर टाकला. चाळीसेक अशिलांचे पासवर्ड एका निळ्या डायरीत लिहिले आणि डायरी खणात ठेवली. कोणाला फसवायचं म्हणून केलं नाही, सोय म्हणून केलं. पुढे एका किराणा दुकानदाराला बँकेच्या कर्जासाठी तातडीने रिटर्नच्या प्रती हव्या होत्या, आणि मी घरच्या आजारपणात नाशिकला. ओटीपी माझ्या फोनवर, फोन दवाखान्यात बंद. तो माणूस तीन दिवस माझ्या बंद ऑफिसच्या पायरीवर येऊन परत जात होता. स्वतःच्याच धंद्याचा कागद मिळवायला! मी परत आल्यावर तो चिडलासुद्धा नाही, आणि मला जास्त लागलं ते हेच. म्हणाला, "भाऊ, माले काय समजस? तुम्हीच देखी ल्या."

हे फक्त माझ्या टेबलावर घडलं असं कोणी समजू नये. मध्यस्थांनी स्वतःचेच ईमेल आणि नंबर घातले, आता ते पासवर्ड देत नाहीत, अशा तक्रारी देशभरातून इतक्या आल्या की २०१८ साली केंद्र सरकारला ते बदलून घेण्याची रीत जाहीर करावी लागली. आपल्या अधिकारक्षेत्रातल्या कर अधिकाऱ्याकडे जावं, नोंदणीचे कागद दाखवावेत, आणि नवा ईमेल-मोबाइल नोंदवून घ्यावा.

'तुम्हीच देखी ल्या' हे वाक्य या मातीत नवं नाही. हिशोब ज्याच्या वहीत, सत्ता त्याच्या हातात, हे महाराष्ट्र फार जुन्या काळापासून भोगत आला आहे. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले, आणि पुढे गावोगाव पसरलेल्या त्या दंग्यात त्यांचा रोख सोन्यानाण्यापेक्षा कर्जखतांवर होता. ती हिसकावून जाळली गेली. ज्या कागदावर आपलं नाव आहे पण जो आपल्याला वाचता येत नाही, तो जाळण्याखेरीज त्यांना दुसरा उपाय दिसला नाही. चार वर्षांनी, १८७९ साली, सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यातल्या जमीन आणि व्याजाच्या कलमांची चर्चा पुष्कळ होते. मला त्यातल्या साध्या तरतुदी मोठ्या वाटतात. कर्जदाराने पैसे भरले की त्याला पावती मिळाली पाहिजे, हिशोबाचा उतारा मागता आला पाहिजे, स्वतःजवळ पासबुक ठेवता आलं पाहिजे. म्हणजे हिशोबाची एक प्रत ज्याचा हिशोब आहे त्याच्या घरी.

आणि आमच्या शहादा-तळोद्याकडे? इथे आदिवासींच्या जमिनी अंगठ्याच्या ठशांवर गेल्या. कागदावर काय लिहिलंय ते अंगठा देणाऱ्याला कोणी वाचून दाखवलं नव्हतं. आदिवासी कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती आणि १९७२ साली शहाद्यात उभी राहिलेली श्रमिक संघटना त्या जमिनींसाठी लढली, आणि जमिनी परत देण्याचा राज्याचा कायदा १९७४ साली आला. पुढे २९ सप्टेंबर २०१० ला याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. अंगठ्याचा ठसा आता यंत्रावर उमटू लागला. पण ठसा देणाऱ्याला समोरचा कागद वाचता येतो का, हा प्रश्न यंत्राने सोडवलेला नाही.

माझे व्यवसायबंधू इथे रागावतील. आम्हाला सावकाराच्या ओळीत बसवता काय, म्हणतील. तसं मला म्हणायचं नाही. आम्ही मेहनतीने काम करतो, फी थकते, तारखा छातीवर बसतात. महिन्याच्या ११ तारखेला विक्रीचा तपशील, २० तारखेला कर भरून रिटर्न, आणि मध्ये १४ तारखेला येणारा खरेदीचा तक्ता, ज्यात नसलेल्या बिलावरच्या कराची वजावट मिळत नाही. पण कायदा काय म्हणतो तेही ऐका. जीएसटी कायद्याचं ४८वं कलम स्पष्ट सांगतं की रिटर्न प्रॅक्टिशनरने भरलं तरी त्यातल्या तपशिलाची जबाबदारी करदात्याचीच. चूक आमची, दंड त्याचा. ज्याच्या मानेवर जबाबदारी आहे त्याच्या हातात किल्ली नसणं हा अन्याय आहे, आणि तो आम्ही रोज सवयीने करतो.

म्हणून पद्धत निवडताना सॉफ्टवेअरच्या जाहिराती बाजूला ठेवाव्यात आणि आपल्या अशिलाचा धंदा नीट बघावा. नंदुरबारच्या मिरचीचंच घ्या. शेतातून आलेल्या ओल्या लाल मिरचीवर कर नाही. तीच मिरची पथारीवर उन्हात पसरली, वाळली, की तिच्या विक्रीवर ५ टक्के. ऐन हंगामात पथारीवरचा माणूस दिवसाला किती गाड्या उतरवतो, किती वजन घटतं, किती मजुरी रोख जाते, हे त्याच्या खिशातल्या चिठ्ठ्यांवर असतं. त्या चिठ्ठ्या मार्चमध्ये मागितल्या तर घामाने आणि तिखटाने वाचता न येणारा लाल गोळा हाती येतो. (एकदा मी तसा गोळा उलगडला आणि तासभर शिंकत बसलो.) त्याला उत्तम सॉफ्टवेअर देऊन उपयोग नाही. त्याला सवय पाहिजे ती एवढीच, की संध्याकाळी पथारी झाकायच्या आधी दिवसभराच्या चिठ्ठ्यांचा फोटो काढायचा. हा फोटो साठवायचा त्याच्या स्वतःच्या खात्यातल्या फोल्डरमध्ये, आणि आम्हाला तिथे बघण्याची परवानगी द्यायची. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवणं सोपं, हे कबूल. पण तिथे आलेलं बिल लग्नाच्या पत्रिका आणि सुप्रभातच्या फुलांत हरवतं, फोन बदलला की जातं, आणि सहा वर्षांनी नोटीस आली की कोणाकडेच नसतं.

सहा वर्षं म्हणतो ती हिशोबाने म्हणतो. जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात. म्हणजे २०२४-२५ चं बिल ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत. आणि पेट्रोल पंपावर किंवा हार्डवेअरच्या दुकानात यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं? ती उन्हाळा संपेपर्यंतच उडून जातात. कागदाची पिशवी जपून ठेवणारा प्रामाणिक माणूससुद्धा सहा वर्षांनी अधिकाऱ्यापुढे कोऱ्या पट्ट्या मांडतो.

शहाद्याकडच्या जिनिंगवाल्याची गोष्ट निराळी. तो शेतकऱ्याकडून कापूस घेतो तेव्हा कर शेतकऱ्याने भरायचा नसतो, नोंदणीकृत खरेदीदाराने उलट बाजूने भरायचा असतो. नोव्हेंबर २०१७ पासून हा नियम आहे. त्यासाठी बिलही त्यानेच स्वतःच्या नावे तयार करायचं. इथे वजनकाट्याची पावती, शेतकऱ्याची हिशोबपट्टी आणि ते बिल, तिन्ही एकाच क्रमांकाने जोडली जातील अशी पद्धत हवी. नवापूरच्या व्यापाऱ्याची अडचण आणखी वेगळी. तिथलं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. धुळ्याकडे माल पाठवला तर १ लाखापर्यंत ई-वे बिलाची कटकट नाही. तोच माल पलीकडे उच्छलला, हाकेच्या अंतरावर पाठवला, तर ५० हजारांच्या वर ते लागतं. त्याच्या नोंदीत माल कुठे चालला हा रकाना पहिला पाहिजे, तरच पोरगा बिल फाडताना चुकणार नाही. आणि धडगावचा आमचूरवाला? सातपुड्यात रेंज मिळायला टेकडी चढावी लागते अशी गावं आहेत. सतत इंटरनेट मागणारं सॉफ्टवेअर त्याच्या गळ्यात बांधणं म्हणजे विहीर नसलेल्याला मोटार विकणं. त्याला वहीच द्या. छापील रकान्यांची, मराठीत. बाजाराच्या दिवशी तो खाली उतरला की त्या पानांचे फोटो घ्या आणि वही त्याच्याजवळच राहू द्या. डिजिटल नोंदीची सुरुवात कागदापासून झाली म्हणून ती कमी दर्जाची होत नाही.

या सगळ्यात मी सर्वांत जास्त काळजी करतो ती शेतकरी उत्पादक कंपन्यांची. त्यांचे संचालक शेतकरी, नाव 'कंपनी', आणि हिशोब तालुक्याच्या गावी कोणाच्या तरी संगणकात. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरबदलाची खूण राहिली पाहिजे, कोणत्या तारखेला काय बदललं ते दिसलं पाहिजे, आणि ती खूण बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. लेखापरीक्षकाला त्याबद्दल अहवालात लिहावंच लागतं. हिशोबाची पुस्तकं ८ वर्षं जपावी लागतात. नियम चांगला. पण खूण राहते ती इंग्रजीतल्या एका पडद्यावर, आणि ज्यांच्या भागभांडवलाचे ते पैसे त्या संचालकांपैकी किती जणांनी तो पडदा पाहिला आहे? दर महिन्याच्या सभेत एक पान मराठीत वाचून दाखवा. आले किती, गेले किती, सरकारला किती देणं आहे, कोणत्या जुन्या नोंदी बदलल्या आणि का. अर्ध्या तासाचं काम आहे. ते टाळण्याचं कारण वेळ नसणं हे क्वचितच असतं.

आता दुकानदारांकडे वळतो, कारण सगळा दोष आमच्या खणातल्या डायरीचा नाही. 'माले काय समजस' या वाक्यामागे कधी खरोखरचं अज्ञान असतं, आणि कधी ती सोयीची आंधळी कोशिंबीर असते. कच्चं बिल वेगळं, पक्कं वेगळं ठेवायचं असेल तर चोपडा दुसऱ्याच्या ऑफिसात असलेलाच बरा वाटतो. विचारलं तर सांगता येतं, मला ठाऊक नाही, आमच्या सल्लागाराला विचारा. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात उपरण्याखाली बोटांनी भाव ठरतो तसा हा हिशोबही झाकलेलाच राहावा अशी इच्छा असते. अशा अशिलाला स्वतःचा चोपडा हातात घ्यायला सांगणं म्हणजे त्याला खरं बोलायला सांगणं, आणि त्यात आपली फी जाण्याचा धोका आहे. मी दोन अशील असे घालवले आहेत. तिसराही जाईल.

शेवटी फीचा मुद्दा. अशील दुसरीकडे जायला निघाला की आपला हात पासवर्डावर घट्ट होतो, हे मी स्वतःच्या हाताकडे बघून सांगतो. थकलेल्या फीसाठी भांडावं, पत्र लिहावं, दावा करावा. त्यासाठी त्याचा हिशोब अडवून ठेवणं सावकारी आहे. काम हाती घेतानाच एका कागदावर लिहून द्यावं, की सोडून गेलात तर सगळा डेटा, सगळ्या प्रती, सगळ्या किल्ल्या आठ दिवसांत तुमच्या हाती येतील. माझ्या चाळीसपैकी एकतीस जणांचे ईमेल आणि नंबर आता त्यांचे स्वतःचे झाले आहेत. नऊ अजून माझ्याच नावावर आहेत. कोणी वयस्क आहे, कोणी बदल करायला कर कार्यालयात यायला तयार नाही, आणि दोघांच्या बाबतीत आळस माझाच.

तुम्ही दुकान चालवत असाल, पथारी किंवा गट चालवत असाल, तर आज गल्ला मोजून झाल्यावर आपल्या सल्लागाराला एक फोन करा आणि विचारा: जीएसटीवर मोबाइल नंबर कोणाचा आहे?