पोरीचा अभ्यास

पप्पांनी सही केली तेव्हा मी चहा आणायला खाली गेलो होतो. वर आलो तर त्यांच्या पुढ्यात स्टेपल केलेली तीन पानं, हातात निळं बॉलपेन आणि कॉटशेजारी उभी एक डॉक्टर मुलगी. सर्जरीची रेसिडेंट, दुसऱ्या वर्षाची. वयाने माझ्याएवढीच असेल. डोळ्यांखालची वर्तुळं मात्र माझ्यापेक्षा जास्त.

नागापूरच्या एमआयडीसीत तीस वर्षं प्रेस मशीनसमोर उभा राहिलेला तो पाय. वर बारा वर्षांची शुगर. बूट चावला, फोड आला, फोडाची जखम झाली, आणि पायाला कळच नसल्यामुळे मोजा चिकटेपर्यंत पप्पांना पत्ता नाही. मी पुण्यात नोकरीला, म्हणून त्यांना पुण्यातल्या एका टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात आणलं होतं. पाय वाचेल असं डॉक्टर म्हणत होते. आता कुठल्या ड्रेसिंगने तो लवकर भरतो याचा अभ्यास होता. दोन्ही ड्रेसिंग आधीपासून वापरातली. कोणाला कुठलं मिळणार हे बंद पाकिटातून निघणार.

मी कागद हातात घेतला. ‘सदर अभ्यासाची माहिती मला माझ्या भाषेत समजावून सांगण्यात आली असून त्यात सहभागी होण्यास माझी कोणतीही हरकत नाही.’ ही माझी भाषा? मी थोडा चिडलोच. परत समजावून सांगा म्हटलं. ती बिचारी कंटाळली असणार, पण तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. पाकिटांचं ऐकून पप्पा म्हणाले, “म्हणजे भिशीची चिठ्ठी निघते तसं.” ती हसली. “हो काका, तसंच.” ‘तुम्ही कधीही, कारण न देता, अभ्यासातून बाहेर पडू शकता’ या वाक्यापाशी त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“बाहेर पडलो तर बेड जातो का?”

“नाही काका. बेड तुमचाच.”

पाकीट फोडलं. ‘ब’ निघाला.

रात्री मी त्यांना विचारलं, एवढ्या पटकन सही का केली? ते म्हणाले, “अरे, त्या पोरीचा अभ्यास अडला असता.”

मला हसू आलं आणि मग आलं नाही. कागदावरचा ‘अभ्यास’ म्हणजे संशोधन. पप्पांचा ‘अभ्यास’ म्हणजे मी बारावीला असताना रात्री टीव्ही बंद करून ते घरभर ज्याच्यासाठी चवड्यांवर चालायचे तो. मराठीत दोन्हीला एकच शब्द. आपला बाप समजून न घेता सही करून बसला, असं मला वाटलं. मग लक्षात आलं, ते चूक नव्हते. एमडी किंवा एमएस करणाऱ्याला प्रबंध सक्तीचा असतो. तो नाही तर परीक्षा नाही. टीचिंग हॉस्पिटलात भूल, कान-नाक-घसा, त्वचा, डोळे, हाडं, बालरोग असे जेवढे विभाग, आणि प्रत्येकात जेवढे पीजीचे विद्यार्थी, तेवढे प्रबंध दरवर्षी सुरू असतात. एखाद्या जनरल वॉर्डात एका रांगेतल्या चार कॉट चार वेगवेगळ्या प्रबंधांत असू शकतात. खरोखरच त्या पोरीचा अभ्यास अडला असता.

वैद्यकीय नीतिशास्त्रात ‘थेरप्युटिक मिसकन्सेप्शन’ नावाची एक संज्ञा आहे. पॉल ॲपेलबॉम या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने सहकाऱ्यांसोबत १९८२ साली ती मांडली. संशोधनात भाग घेणाऱ्या रुग्णाला वाटतं, जे चाललंय ते माझ्या भल्यासाठी, माझ्याकडे बघून ठरवलेलं आहे. प्रत्यक्षात ते प्रोटोकॉलने किंवा पाकिटाने ठरवलेलं असतं. संमतीवरची बरीच चर्चा या गैरसमजाभोवती फिरते. फॉर्म सोपा करा, पुन्हा विचारा, चित्रं काढा. नव्या औषधाची चाचणी असेल आणि माणूस दुर्बल गटातला असेल, तर २०१९च्या नियमांनुसार संमती घेतानाचं व्हिडिओ रेकॉर्डिंगसुद्धा करावं लागतं.

पप्पांचा गैरसमज मात्र उलट्या दिशेचा. हे आपल्यासाठी चाललंय असं त्यांना वाटलंच नाही. त्यांना वाटलं, आपण कुणाला तरी मदत करतोय. या गैरसमजाला काय म्हणायचं? आणि संमतीच्या परीक्षेत याला किती मार्क द्यायचे? माहिती किती कळली असं विचाराल तर चाळीस टक्के. आपण काय देतोय आणि कोणाला, असं विचाराल तर माझ्यापेक्षा जास्त.

पण इथेच थांबलो असतो तर ते सोयीचं झालं असतं. गरीब माणसाचं मन मोठं, वगैरे. बेडचा तो प्रश्न मला सोडत नव्हता. ज्याला बेड जाण्याची भीती आहे त्याने ‘हरकत नाही’ म्हणणं आणि ज्याला ती नाही त्याने म्हणणं, या दोन सह्या दिसायला सारख्या असतात. माझ्या टीममधल्या एकाच्या वडिलांचा पायही शुगरनेच बिघडला होता. ते प्रायव्हेटमध्ये, एसी रूममध्ये. त्यांच्यापुढे कुणी पाकीट आणलं नाही. टीचिंग हॉस्पिटलात एक न लिहिलेला व्यवहार असतो: उपचार स्वस्तात, आणि बदल्यात तुमच्यावर कुणीतरी शिकणार. मला हा व्यवहार वाईट वाटत नाही. डॉक्टर कुठे ना कुठे शिकणारच. फक्त तो नेहमी त्याच माणसांशी होतो.

हे जुनंच आहे. १८९७च्या जानेवारीत मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्देमार हाफकिनने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याचं हे धाडस सगळे सांगतात. महिनाअखेरीला ती भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना टोचली गेली आणि न टोचलेल्या कैद्यांशी तुलना झाली. तुरुंगात प्लेग आलेला असताना कैद्याच्या स्वेच्छेचा अर्थ काय होतो, यावर मी बराच वेळ अडकलो होतो. लस उपयोगी ठरली, हेही खरं.

पप्पांच्या पाकिटातून ‘अ’ निघाला असता तरी ड्रेसिंग मिळालंच असतं. काही पाकिटं रिकामी असतात. त्यांचं काय?

नगरहून जामखेड, तिथून खर्डा ओलांडला की आपण जिल्हा सोडतो आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात शिरतो. १९९९ साली तिथल्या गावांमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था त्यात होत्या. गावांचे ५२ समूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका आणि चार गट. एका गटाची एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्याची पॅप स्मिअर, तिसऱ्याची ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटाला नेहमीची व्यवस्था, म्हणजे तपासणीची मोहीम नाही. चिठ्ठी बाईची नाही, गावांची निघाली होती. आठ वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. एचपीव्ही गटात ३४ हजारांवर बायका होत्या, या कॅन्सरने ३४ दगावल्या. चौथ्या गटात ३१ हजारांवर, दगावल्या ६४. मृत्यूचा धोका साधारण निम्मा.

आईचं माहेर परांड्याकडचं. त्या वयाच्या माझ्या दोन मावश्या आणि एक मामी तेव्हा त्याच जिल्ह्यात होत्या. आकडे वाचताना मी इंजिनिअरसारखा वाचत होतो. कॉन्फिडन्स इंटरव्हल वगैरे. हे आठवलं आणि ६४ हा आकडा वेगळा दिसायला लागला.

या अभ्यासावर आणि मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८पासून चाललेल्या टाटा मेमोरियलच्या तशाच अभ्यासावर पुढे टीका झाली. एरिक सुबा या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टने २०१४ साली इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्समध्ये विचारलं, की तपासणीने जीव वाचतात हे श्रीमंत देशांत ठाऊक असताना हजारो बायकांना तपासणीशिवाय ठेवून मृत्यू मोजणं योग्य कसं? संशोधकांचं म्हणणं असं, की तिथे तशीही तपासणी नव्हतीच. आम्ही कोणाकडून काही काढून घेतलं नाही.

मी दोन्ही बाजूंना जाऊन परत आलो. चिठ्ठी टाकण्याची नैतिक अट काय, यावर बेंजामिन फ्रीडमनने १९८७ साली एक सरळ उत्तर दिलं होतं: कुठला उपाय बरा, याबद्दल जाणकारांमध्ये खरीखुरी अनिश्चितता असली पाहिजे. इथे ती होती का? मला वाटतं, होती. कारण त्याच अभ्यासात पॅप स्मिअर आणि ॲसेटिक ॲसिड या दोन्ही गटांमध्ये मृत्यू ठळकपणे कमी झाले नाहीत. एकदाच केलेल्या तपासणीपैकी कुठली उपयोगी पडेल, हे आधी कुणी छातीठोकपणे सांगू शकलं नसतं. आज जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती देते, त्यामागच्या पुराव्यात या बायका आहेत, चौथ्या गटातल्याही. पण ‘तिथे तशीही तपासणी नव्हतीच’ हे वाक्य मला गिळता येत नाही. खरं असूनही. तिथे काही नाही, म्हणून तिथे काहीच न देता मोजता येतं. हे स्वीडनमध्ये करता आलं नसतं. मोजणाऱ्यांनी ही गरिबी आणली नव्हती, पण आकडे तिच्यामुळेच मिळाले.

आता माझं सांगतो, कारण हे सगळं मी कॉटशेजारच्या स्टुलावर बसून, फार नैतिक चेहरा करून वाचत होतो. लॅपटॉप सोबतच होता आणि मधेच ऑफिसचं काम चालू होतं.

मी कर्ज देणाऱ्या एका ॲपसाठी काम करत होतो. हप्ता चुकला की जो मेसेज जातो त्याचे आम्ही दोन नमुने केले. ‘अ’ साधा. ‘ब’मध्ये थोडी भीती. कोणाला कुठला मेसेज जाणार हे कोडच्या चार ओळींनी ठरायचं. लाखभर माणसं, एक दुपार. ‘ब’ने वसुली वाढली, म्हणून ‘ब’ सगळ्यांना लागू केला. कुणाची सही नाही, समिती नाही, तीन पानं नाहीत. अटी-शर्तींच्या कुठल्यातरी कलमात बसत असेलच. त्या मेसेजने कुणाच्या घरी काय झालं हा प्रश्न आमच्या डॅशबोर्डवर नव्हता. फेसबुकने २०१२ साली ६,८९,००३ लोकांच्या फीडमध्ये भावनांचा प्रयोग केला, २०१४ साली त्याचा पेपर आला आणि जगभर आरडाओरडा झाला. तेव्हा मी शाळेत होतो. मोठा झाल्यावर मी तेच करायला लागलो, फक्त पेपर लिहिला नाही.

माझ्यासारख्याने त्या रेसिडेंटला ‘परत समजावून सांगा’ म्हणणं! तिला निदान एका नैतिक समितीपुढे जावं लागलं होतं. तिचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा लागतो, कायद्याचा जाणकार लागतो आणि एक सामान्य माणूसही लागतो. आमच्या स्प्रिंट प्लॅनिंगमध्ये असा सामान्य माणूस बसवला असता तर त्याने पहिला प्रश्न काय विचारला असता? मला वाटतं, बेडचाच.

तरी तिच्या तीन पानांत मला एक गोष्ट खटकली, आणि ती माझ्या चार ओळींतही नव्हती. काय करणार, धोका काय, नावं गुप्त ठेवणार, नुकसान झालं तर काय, सगळं होतं. शेवटी काय निघालं हे तुम्हाला कळवू, एवढं नव्हतं. हेलसिंकी जाहीरनामा १९६४चा. पुढच्या दुरुस्त्यांनंतर त्यात स्पष्ट लिहिलंय, की सहभागी झालेल्यांना निष्कर्ष जाणून घेण्याचा पर्याय दिला पाहिजे. आपण सगळं वजन सहीच्या क्षणावर टाकतो. कळलं का, कळलं का, करा सही. पप्पांना सहीच्या वेळी जे कळलं नाही त्याबद्दल मला आता फारसं वाटत नाही. त्यांनी उसनं दिलं होतं, आणि उसनं दिलेलं माणूस विसरत नाही. जखम भरून नागापूरला परत गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी फोनवर विचारायचेच, “त्या पोरीचा झाला का रे अभ्यास?”

वर्षभर मी ‘झाला असेल’ म्हणत राहिलो. मग एकदा तीन पानांच्या शेवटी छापलेला तिचा नंबर लावला. ती पास झाली होती. दुसऱ्या शहरात नोकरीला होती. “काका कसेयत? पाय दाखवत राहा दर तीन महिन्यांनी.” निकालाचं विचारलं तर थोडी गप्प झाली. म्हणाली, पेशंटकडून पहिल्यांदाच कुणी विचारतंय. संध्याकाळी तिने प्रबंधाची पीडीएफ पाठवली, इंग्रजीत, नव्वद पानांची. सोबत पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज, मराठीत, काकांसाठी.

पुढच्या शनिवारी एसटीने घरी गेलो. पप्पांनी तो मेसेज दोनदा ऐकला. मग मोबाइल आडवा करून पीडीएफ बघायला लागले. “यात माझं नाव कुठंय?” नाव नसतं म्हटलं. शेवटी परिशिष्टात मास्टर चार्ट असतो, साठ ओळींचा, एक ओळ एक पेशंट. वय, स्त्री-पुरुष, शुगर, गट, जखम भरायला लागलेले दिवस. झूम करून मी त्यांना त्यांची ओळ शोधून दिली. ५७, पुरुष, ब.

चष्मा वर सरकवून त्यांनी बोटाने ओळ धरून ठेवली.

“एकतीस दिवस लिहिलेत,” ते म्हणाले. “एकोणतीस होते. तिला सांग.”