विटेवर कोणास थांबवावे?

वैष्णवजनहो, मायबापांची सेवा चालली असता दारी देव आला. पुंडलिकाने वीट भिरकावली, देव थांबला. देवाला थांबवता येते हो! पण सन २०२० च्या महामारीत आमच्या काळाचौकीच्या आसपासच्या चाळींतून परळच्या के. ई. एम. मध्ये, चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात ज्या परिचारिका जात, त्यांनी कोणास थांबवावे? घरी म्हातारे सासूसासरे, तिकडे श्वासासाठी तळमळणारा परका जीव. घरी परतावे तर रोग नेण्याचे भय. न परतावे तर लेकरू वाट पाहते. खाट एक, रोगी दोन. शास्त्र ह्यालाच धर्मसंकट म्हणते. कोणतीही वाट धरली तरी मनाला टोचणी राहते. ती पापाची खूण नव्हे, दयेची आहे, असे आम्ही समजतो.

त्या वर्षी पायी वारी राहिली, संतांच्या पादुका एस. टी. ने पंढरीस गेल्या. देवाने समजून घेतले. आपण काय केले? २२ मार्चला थाळ्या वाजवल्या, त्यांना देव म्हटले. आणि काही ठिकाणी त्यांनाच जिन्यात अडवले. देव म्हटले की माणसाचा थकवा दिसत नाही, बाबांनो. म्हणून पुन्हा तशी वेळ आली तर हारतुरे नकोत. शेजारणीच्या म्हाताऱ्यांना दोन घास द्या, तिचे रडणे ऐकून घ्या. ही सेवाही पांडुरंगास पोचते. रामकृष्णहरि.