न दिसणारी कळ

जखम दिसते, वेदना दिसत नाही. या साध्या भेदातून नीतिशास्त्रातला एक अवघड प्रश्न उभा राहतो. एखादी गोष्ट सिद्ध करायची तर दोन किंवा तीन साक्षीदार हवेत, असा दंडक मोशेच्या नियमशास्त्रात आहे आणि आजही आपला व्यवहार बऱ्याच अंशी त्याच धोरणाने चालतो. वेदनेला मात्र एकच साक्षीदार असतो, आणि तोच वादीही असतो. मग जी वेदना सिद्ध करता येत नाही, तिच्यावर विश्वास ठेवणे हे केवळ सौजन्य मानायचे की कर्तव्य?

हा प्रश्न सहसा मोठ्या दुःखांच्या संदर्भात विचारला जातो. मी तो एका किरकोळ समजल्या जाणाऱ्या दुखण्याच्या आधारे विचारू इच्छितो. रूट कॅनॉल करून, वर कॅप बसवूनही दाढ दुखतच राहते, असा अनुभव वाचकांपैकी काहींना आला असेल. माझ्याही एका दाढेची कथा अशीच आहे. उपचार रीतसर झाला, एक्स-रे निर्दोष निघाला. तरी सहा महिन्यांनंतरही रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तिथे मंद ठणका सुरू होतो. दिवसा कामाच्या रगाड्यात तो जाणवत नाही. म्हणूनच ऐकणारा सहज म्हणतो, ‘मग तुम्हाला खरे दुखत नसणार.’

प्रथम वैद्यकीय बाजू समजून घेऊ. दाताच्या पोटात मऊ मज्जा असते आणि तिच्यात रक्तवाहिन्या व चेतातंतू असतात. कीड तिथवर पोचली की ती मज्जा काढून टाकतात, मुळांतील नलिका स्वच्छ करतात, गटापर्चा हा झाडाच्या चिकापासून मिळणारा पदार्थ त्यांत भरतात आणि वर कॅप चढवतात. दाताच्या आतला तंतू गेला, मग दुखते काय, असे आपल्याला वाटते. परंतु मूळ ज्या तंतुमय आवरणाने हाडात धरून ठेवलेले असते, त्याला स्वतःच्या चेता असतात. कॅप केसभर उंच राहिली तर प्रत्येक घासाला तिथे घाव बसतो. वरच्या पहिल्या दाढेत पुष्कळदा चौथी, अतिशय बारीक नलिका असते आणि ती सापडायची राहू शकते. मुळाला गेलेली उभी चीर साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही, कारण एक्स-रे ही अखेर एक सपाट सावली आहे. कधी दुखणे गालाच्या हाडातील पोकळीचे किंवा जबड्याच्या स्नायूंचे असते आणि जाणवते मात्र दाढेत. कधी सारे काही बरे झालेले असते, पण दुखावलेली चेता मेंदूला जुनाच निरोप पाठवत राहते.

उपचारानंतरचे काही दिवसांचे दुखणे स्वाभाविक असते आणि बहुतेकांचे ते थांबते. तथापि अनेक अभ्यासांचा एकत्रित विचार करणाऱ्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात असे दिसून आले की, सहा महिने वा त्याहून अधिक काळानंतरही शंभरांतील सुमारे पाच दातांत वेदना उरते. म्हणजे हे दुखणे विरळ असले तरी काल्पनिक नाही.

आता ही गोष्ट आपल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर नेऊन पाहू. डोळखांबकडून आसनगाव स्टेशन गाठायचे आणि लोकलने कल्याणला जायचे, किंवा टोकावड्याहून एस.टी.ने तोच पल्ला गाठायचा, यात दिवस मोडतो. रूट कॅनॉलला अशा दोन-तीन फेऱ्या पडतात, कॅपचे पैसे निराळे. दातावर मारायला पैसा नाही ही म्हण ज्याच्या बाबतीत शब्दशः खरी ठरते, तो दाढ वाचवत बसत नाही. तो ती उपटून मोकळा होतो. त्याआधी लवंग दाबून होते, भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेऊन होते, मिसरी लावून होते. दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी बाईची दाढ ठणकू लागली तर तिला प्रथम मुकादमाला पटवावे लागते. गाल सुजला असेल तर तिचे म्हणणे खरे मानले जाते. सूज नसेल तर तिच्या कळेला कामचुकारपणा असे दुसरे नाव मिळते. विश्वास ही वस्तूदेखील समाजात सारखी वाटली जात नाही. शिकलेल्या, नीट बोलणाऱ्या माणसाच्या वाट्याला ती अधिक येते. माझ्या ठणक्याबद्दल मला चार जण विचारतात, तिला कोणी विचारत नाही. दोन्ही दाढांचा एक्स-रे सारखाच निघाला तरी हा फरक राहतो.

अविश्वास बहुधा दुष्टपणातून येत नाही, दोन वाक्यांच्या गल्लतीतून येतो. ‘मला कारण सापडले नाही’ हे एक वाक्य आणि ‘तुम्हाला काही झालेले नाही’ हे दुसरे. पहिल्यात बोलणारा आपल्या ज्ञानाची मर्यादा सांगतो. दुसऱ्यात तो ती मर्यादा समोरच्याच्या देहावर लादतो. दवाखान्यात, घरात आणि शाळेत आपण पहिल्या वाक्यावरून दुसऱ्यावर किती सहज घसरतो, ते पाहण्यासारखे आहे.

वैद्यकशास्त्रालाही हा भेद शिकायला वेळ लागला. अमेरिकेतील यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांना नसलेल्या अवयवांत कळा येत. सायलस वेअर मिचेल या डॉक्टराने १८६६ साली हा विषय प्रथम एका कथेच्या रूपाने, स्वतःचे नाव न देता मांडला. १८७१ साली त्याने या प्रकाराला आभासी अवयवाचे नाव दिले. जो पाय कापून पुरला गेला तो दुखतो असे म्हणणारा माणूस वेडा नसतो, हे मान्य होण्याच्या वाटेवरील ही एक पायरी होती. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली केलेली वेदनेची व्याख्या २०२० साली सुधारली आणि तिच्यासोबतच्या टिपणात स्पष्ट केले की, वेदना होत असल्याचे माणसाचे सांगणे आदराने स्वीकारले पाहिजे. दुसऱ्याचा शब्द ऐकून घेणे हे आता शास्त्रीय शिस्तीचाच भाग झाले आहे.

तत्त्वज्ञानात या प्रश्नाची चर्चा लुडविग विट्गेनस्टाइनने केली, आणि त्याच्या टिपणांत दातदुखीचे उदाहरण वारंवार येते. दुसऱ्याची दातदुखी मला कधी अनुभवता येणार नाही; मग ती आहे हे मला कसे कळते? त्याच्या विवेचनातून मी जे शिकलो ते असे: आपण आधी पुरावा गोळा करून, निष्कर्ष काढून, मग दया करतो, असे मुळात घडत नाही. लेकरू रडले की आई आधी धावते. दुसऱ्याच्या कळेला प्रतिसाद देणे हा माणूसपणाचा पाया आहे आणि संशय ही त्यावर नंतर चढलेली सवय आहे. म्हणून सिद्ध करण्याचे ओझे दुखणाऱ्यावर टाकणे हे मुळात उलटे आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो टाळून चालणार नाही. माणसे खोटे बोलतात. मुले शाळा चुकवण्यासाठी पोट धरतात, मोठी माणसेही जबाबदारी टाळण्यासाठी दुखण्याचा आधार घेतात. प्रत्येक तक्रारीवर विश्वास ठेवला तर घर चालेल कसे? हे खरे आहे. पण दोन्ही बाजूंच्या चुकांची किंमत एकदा ताडून पाहावी. खोट्या कळेवर विश्वास ठेवला तर एखादा दिवस, एखादी मजुरी, फार तर एक औषधाची चिठ्ठी जाते. खऱ्या कळेवर अविश्वास दाखवला तर सोसणाऱ्याला दुखणे भोगावे लागतेच, वर खोटेपणाचा आळही सोसावा लागतो. असा माणूस हळूहळू बोलणेच बंद करतो, आणि मग मूळ रोग दडून वाढत राहतो. यांतील पहिले नुकसान भरून निघते. दुसरे बहुधा निघत नाही. यास्तव संशय आल्यास त्याचा लाभ दुखणाऱ्याला द्यावा, असे माझे मत आहे.

मात्र विश्वास ठेवणे म्हणजे मागेल ते देणे नव्हे. ठणक्याने त्रासलेला माणूस म्हणतो, ‘डॉक्टर, ही दाढ काढूनच टाका.’ दुखणे चेतेचे असेल तर दाढ काढल्याने ते जात नाही. कधी तर ते शेजारच्या दाढेत जाऊन बसते आणि एकामागून एक निरोगी दात बळी पडतात. तेव्हा त्याच्या वेदनेवर पूर्ण विश्वास ठेवून त्याच्या मागणीला नकार देणे, हेच खरे प्रेम ठरते. तसेच अशा दुखण्यावर कधी कधी नैराश्यावरील औषध अगदी थोड्या मात्रेत दिले जाते, कारण ते चेतेचे निरोप मंद करते. चिठ्ठीवरील नाव वाचून घरचे म्हणतात, ‘म्हणजे हे डोक्यातलेच होते!’ तसे ते नसते. डॉक्टराने हे आधीच दोन वाक्यांत समजावले तर रुग्ण औषधाने लाजणार नाही.

आम्हा धर्मगुरूंपुढे निराळा मोह असतो, तो म्हणजे वेदनेला चटकन अर्थ देऊन टाकण्याचा. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर ते मित्र होते. नंतर ते कारण शोधू लागले, आणि ते सापडेना तेव्हा त्याच्याच आचरणात दोष काढू लागले. ‘हे दुःख देवाला अर्पण कर’ हा उपदेश सोसणाऱ्याने स्वतः स्वीकारला तर फार मोठा आहे. दुसऱ्याने त्याचा उपयोग तक्रार थांबवण्यासाठी केला तर तो ईयोबाच्या मित्रांच्या पंक्तीला जाऊन बसतो. भूलतज्ज्ञांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देताना पोप पायस बारावे यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी स्पष्ट केले होते की, वेदनाशमन स्वीकारण्यास नीतीची आडकाठी नाही. संत पौलानेही आपल्या देहातील काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. तो काटा कोणता होता हे त्याने कुठेच सांगितले नाही, तरी ख्रिस्तसभेने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. ज्यांच्याकडे दातदुखीने त्रस्त झालेले भाविक शतकानुशतके धावा करत आले, त्या आलेक्झांड्रियाच्या संत अपोलोनियाने २४९ साली दात मोडले जाण्याचा छळ सोसला. ९ फेब्रुवारीला आपण त्यांचे स्मरण करतो. उपचार टाळून केवळ धावा करावा, असा त्या भक्तीचा अर्थ नाही.

सोसणाऱ्याचेही काही कर्तव्य असते. आपली कळ वाढवून वा दडवून न सांगता जशी आहे तशी सांगावी: ती कधी सुरू होते, चावताना की निवांतपणी, गार पाण्याने की दाबाने. असे नेमके सांगणे हाच त्याच्या हाती असलेला पुरावा. आणि वेदनेला सारे आयुष्य बहाल करू नये. पास्कालबद्दल त्याच्या बहिणीने लिहून ठेवले आहे की, १६५८ च्या सुमारास दातदुखीने झोप लागेना तेव्हा त्याने मन गणितातील एका वक्ररेषेकडे वळवले. प्रत्येकाला गणित जमणार नाही. भजन, विणकाम, नातवंडांचा अभ्यास जमेल.

वाचक बंधुभगिनींनो, धर्मग्रामात आणि घरात आपल्याला करता येण्याजोगे फार थोडे आहे, पण ते करावे. दुखते म्हणणाऱ्याला ‘कुठे, कधीपासून?’ असे विचारावे आणि उत्तर संपेपर्यंत थांबावे. पाड्यावरील एखाद्याची दाढ वाचण्यासारखी असेल तर आसनगावहून लोकल थेट मुंबईला जाते, तिथे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे आणि मुंबई सेंट्रलला नायर दंत महाविद्यालय आहे, हे त्याला सांगावे. शक्य झाल्यास एक दिवस काढून त्याच्यासोबत जावे, कारण मोठ्या इस्पितळाच्या रांगेत एकट्या माणसाचा धीर सुटतो. आणि तपासून काहीच सापडले नाही, तर परतीच्या गाडीत त्याला खोटे ठरवू नये. कारण उद्या सापडेल किंवा कधीच सापडणार नाही. त्याचा शब्द मात्र आज आपल्यासमोर आहे.