पाण्यावरची घरे

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारतात तो ‘काय काय पाहिलेत?’ हा. मी अॅम्स्टरडॅमहून परत आलो तेव्हा आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीतही तो विचारला गेला आणि माझे उत्तर ऐकून मंडळी थोडी हिरमुसली. मी म्हटले, “पाहिले असे फारसे नाही. चाललो मात्र पुष्कळ.” धाकटा भाऊ नोकरीनिमित्त त्या शहराला लागून असलेल्या आम्स्टेलव्हेन गावी राहतो. तिकिटाचे पैसे त्याचे, सुट्टी माझी. तो आणि त्याची बायको सकाळी कामावर गेली की मी पोळीभाजीचा डबा घेऊन ट्रामने शहरात जाई आणि दिवसभर पायी हिंडे. मेअखेरीस तिकडे रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेड असतो. संध्याकाळ संपतच नाही, आणि परत फिरायची वेळ झाली हे पायांनीच सांगावे लागते.

ते शहर पायी हिंडणाऱ्यांसाठीच बांधले असावे असे मला वाटले. (सायकलवाल्यांचे मत निराळे आहे, आणि ते आपले मत घंटा वाजवून सांगतात.) १६१३ साली तिथल्या लोकांनी जुन्या गावाभोवती नवे कालवे खणायला घेतले. हेरेनग्राख्त, कैझर्सग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त; म्हणजे शेठलोकांचा, बादशहाचा आणि राजपुत्राचा कालवा. विहिरीत दगड टाकल्यावर उठणारी वर्तुळे अर्धीच ठेवावीत तसे हे कालवे एकाबाहेर एक पसरले आहेत. काठाने चालताना वाटते, आपण सरळ चाललो आहोत. पण कालवा थोडाथोडा वळत असतो. दक्षिणेला निघालेला माणूस तासाभराने पूर्वेकडे तोंड करून उभा असतो, आणि कुठे वळलो हे त्याला सांगता येत नाही.

घरे अरुंद, उंच, विटांची. जमीन दलदलीची, म्हणून सगळे लाकडी खुंटांवर उभे. मुख्य चौकातला राजवाडा, जो मुळात सतराव्या शतकात नगरसभागृह म्हणून बांधला गेला, तो १३,६५९ खुंटांवर उभा आहे. वर्षाचे दिवस ३६५, त्यांच्या आधी एक आणि शेवटी नऊ, असा हा आकडा तिथे मुलांकडून पाठ करून घेतात. हे ऐकून मला माझ्या पेशाविषयी आपुलकी वाटली. खुंट कमीजास्त खचले की घरे शेजाऱ्याच्या खांद्यावर कलतात. काही तर मुद्दामच पुढे झुकवून बांधलेली आहेत. कारण प्रत्येक घराच्या माथ्यावर एक तुळई बाहेर आलेली आणि तिला लोखंडी आकडा. जिने इतके चिंचोळे की सामान आतून वर जात नाही. एका दुपारी मी प्रिन्सेनग्राख्तवर एक भला मोठा कोच दोराने वर चढताना पाहिला. खाली पाचपन्नास माणसे माना वर करून उभी होती, त्यांत मीही. कोच खिडकीत शिरला तेव्हा कोणीतरी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी दिवे लागले की पडदे न ओढलेल्या मोठमोठ्या खिडक्यांतून घरातले सारे दिसते. पुस्तकांची कपाटे, जेवणाचे टेबल, त्यापाशी वाचत बसलेली एखादी म्हातारी. पाण्यात तीच खिडकी उलटी. इतके निर्भेळ सुख मला पुष्कळ वर्षांत झाले नव्हते.

त्या आकड्यांचा मूळ उपयोग कोचासाठी नव्हता. व्यापारी खाली राहत आणि वरचे मजले कोठारे म्हणून वापरत. गलबतांतून आलेला माल होडीने दारापर्यंत यायचा आणि दोराने माळ्यावर चढायचा. हे मला कळले तेव्हा मी जुन्या गावातल्या एका बोळात, डच ईस्ट इंडिया कंपनीच्या मुख्य कचेरीच्या चौकात उभा होतो. कंपनी १६०२ ची. आता ती वास्तू विद्यापीठाकडे आहे. चौकात मुलेमुली पाव खात बसली होती, एका मुलीने चपला काढून पाय उन्हात पसरले होते. सतरा संचालकांची सभा जिथे भरे तिथेच मी डबा उघडला, आणि मला वेंगुर्ले आठवले.

वेंगुर्ले माझे आजोळ. तिथे डचांच्या वखारीचे पडके अवशेष आहेत. चिऱ्यांच्या भिंती, त्यांत उगवलेली झाडे. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मुले तिथे लपंडाव खेळत असू. गोव्याच्या पोर्तुगिजांवर नजर ठेवायला आणि गलबतांना दाणापाणी पुरवायला सतराव्या शतकात त्यांनी ती बांधली. म्हणजे ज्या दोराचे एक टोक मी लहानपणी पाहिले होते त्याचे दुसरे टोक इथे होते, आणि मधे सगळा समुद्र. त्या समुद्रात बांदा नावाची लहान बेटे आहेत. जायफळ तेव्हा तिथेच होई. ते आपल्यालाच मिळावे म्हणून १६२१ साली कंपनीच्या यान पीटरझून कूनने ती बेटे जिंकली. अंदाजे पंधरा हजारांची वस्ती. मारून, उपाशी ठेवून, गुलाम करून नेऊन हजारभर उरली असे इतिहासकार मानतात. जायफळ मग इथे आले, दोराने वर चढले, आणि त्याच्या पैशांतून अशा घरांना खिडक्या बसल्या.

हे सारे मला अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. इतिहास मीच शिकवतो. पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्या संध्याकाळी मी पुन्हा हेरेनग्राख्तवर गेलो. मनात म्हटले, आता ही घरे तशी दिसणार नाहीत. ती तशीच दिसली. तीच संथ हिरवट सावली, त्याच खिडक्या, तेच सुख. रतीभरही कमी नाही. बांद्याची माणसे आणि हे सुख मनात शेजारीशेजारी बसले, आणि एकाने दुसऱ्याला जरासुद्धा ढकलले नाही. मला स्वतःची भीती वाटली ती इथे.

सुख कमी व्हायला हवे होते काय? पुढचे कित्येक दिवस मी हाच प्रश्न घेऊन चाललो. पहिले उत्तर भावाच्या बायकोने दिले. ती म्हणाली, “भावोजी, असा हिशेब केला तर जगात पाहण्यासारखे काहीच उरणार नाही. देवळे, ताजमहाल, किल्ले, सगळे कोणाच्या तरी घामाचेच.” गोष्ट खरी. पण वर्गात दंगा झाला आणि सगळ्यांनीच केला असे मुलांनी सांगितले, तर कोणीच केला नाही असे मी मानीत नाही. दुसरे उत्तर मीच स्वतःला दिले. म्हटले, सौंदर्य व्यापाऱ्याचे नव्हे, गवंड्याचे आहे, सुताराचे आहे. ज्याने ती वीट रचली त्याने कोणाचे काय लुटले? हे उत्तर मला दोन दिवस पुरले. मग लक्षात आले की गवंड्याचे नाव पुढे करून मी शेठजीलाच दारातून आत घेत होतो. गवंडी त्या घरात राहिला नाही. तिसरे उत्तर काळाचे. चारशे वर्षे झाली, किती दिवस उगाळायचे? पण मग किती वर्षांनी ऋण फिटते? शंभर? साठ? कोणी आकडा सांगेल तर मी पाठ करून घ्यायला तयार आहे.

हेरेनग्राख्तवर ५०२ क्रमांकाचे घर आहे. दाराशी खांब असलेले, देखणे. १६७२ साली ते पाउलस गोडिन नावाच्या माणसासाठी बांधले गेले. तो वेस्ट इंडिया कंपनीचा संचालक, गुलामांच्या व्यापाराशी संबंध असलेला. आज तिथे शहराच्या महापौरांचे निवासस्थान आहे, आणि समोर एक दगड बसवून ही गोष्ट त्यावर कोरली आहे. दगड २००६ चा. पुढे १ जुलै २०२१ रोजी महापौर फेम्के हाल्सेमा यांनी शहराच्या वतीने गुलामगिरीतल्या सहभागाबद्दल क्षमा मागितली, आणि २०२३ साली त्याच दिवशी राजानेही. हे वाचून माझी पहिली प्रतिक्रिया उपहासाची होती, हे कबूल करतो. घर ठेवायचे, खांब ठेवायचे, आणि दारात एक दगड बसवायचा, स्वस्तात पडले!

पण १ जुलै हीच तारीख का, ते शोधायला गेलो आणि उपहास माझ्यावरच उलटला. १ जुलै १८६३ रोजी डचांनी आपल्या सुरिनाम वसाहतीतली गुलामगिरी कायद्याने बंद केली. नुकसानभरपाई म्हणून सरकारने दर माणशी तीनशे गिल्डर दिले. ते मालकाला. ज्याने जन्मभर फुकट काम केले त्याला काही नाही. उलट त्याने आणखी दहा वर्षे सरकारी देखरेखीखाली मळ्यांवर काम करायचे. ती दहा वर्षे १८७३ साली संपली, आणि त्याच वर्षी कलकत्त्याहून आपल्याकडच्या मजुरांचे पहिले जहाज त्यांच्या जागी काम करायला तिथे पोचले. हे सारे वाचताना ती तीनशे गिल्डरची गोष्ट मला नवी वाटेना. असे काहीतरी मी कुठेतरी पाहिले होते, हस्ताक्षरात पाहिले होते. कुठे, ते आठवायला प्रयास पडले नाहीत. प्रयास पडले ते कबूल करायला.

आमचे घर राजापूर तालुक्यात. आजोबा खोत. घर मोठे नाही, पण सुरेख आहे. चिऱ्यांचे जोते, ऐसपैस ओटी, फणसाच्या लाकडाचे चार कोरीव खांब. पावसाळ्यात ओटीवर बसून अंगणातले पाणी पाहावे, यापरते सुख मला ठाऊक नव्हते. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ सालीच मांडले होते. त्याआधी १९३३ पासून अलिबागकडे चरीच्या कुळांनी सहा वर्षे संप चालवला. खोती प्रत्यक्षात गेली ती १९४९ च्या कायद्याने. पुढे १ एप्रिल १९५७ ला कसेल तो मालक ठरला. पण किंमत भरून! पिढ्यान्‌पिढ्या ज्याने ती जमीन कसली, खंड घातला, वेठ केली, त्यानेच हप्त्याहप्त्याने मालकाला किंमत द्यायची. आमच्या माळ्यावर त्या हप्त्यांची वही आहे. नवे नाणे त्याच दिवशी सुरू झाले, त्यामुळे आजोबांनी वहीच्या पहिल्या पानावर आण्यांचे पैसे कसे करायचे याचा तक्ता काढून ठेवला आहे. अक्षर मोत्यासारखे. लहानपणी मी ते अक्षर गिरवीत असे.

मी दक्षिणेला निघालो होतो आणि कुठे वळलो ते कळले नाही, ते असे.

आता भावाविषयी सांगितले पाहिजे. मला तिकडे बोलावण्यात त्याचा एक हेतू होता. घराची डागडुजी करून तिथे पाहुण्यांसाठी खोल्या काढाव्यात, शहरातली मंडळी चार दिवस येऊन राहतील, घर टिकेल, असे त्याच्या मनात आहे. हेतू वाईट नाही. घर खरोखरच गळते. त्याने नकाशे काढले होते, पाटीसुद्धा तयार होती : ‘खोतांचे घर’. खाली दोन ओळी, पूर्वजांच्या वैभवाविषयी. कालव्याकाठच्या एका बाकावर बसून त्याने मला हे दाखवले. मी म्हटले, “पाटीवर आणखी एक ओळ घालू. हे कोणाच्या मेहनतीवर उभे राहिले, ती.” तो हसला. मग मी हसत नाही असे पाहून गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, “दादा, माणसे पैसे देऊन विश्रांतीला येणार. त्यांना वहीतले हप्ते कशाला दाखवायचे? आणि आजोबांनी काय कोणाला मारले होते?” नव्हते मारले. आजोबा मऊ माणूस होते, कुळांच्या पोरांना गूळ देत. पण गूळ ओटीखाली उभे करून देत, हेही मी पाहिलेल्यांकडून ऐकले आहे. मी भावाला हे सांगितले नाही. तिकिटाचे पैसे त्याचे होते, ही एक गोष्ट झाली. दुसरी अशी की खुद्द मलाही ती ओळ लिहायची होती की लिहिल्याचे समाधान हवे होते, याची खात्री नव्हती. मघाच्या स्वस्त दगडाला मी हसलो होतो. आता मला तोही जड झाला होता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात परत आलो. पाऊस अजून धरला नव्हता. भावाच्या सांगण्यावरून दिवाबत्तीच्या तारा तपासायला वायरमन बोलावला होता, तो आला. पस्तिशीचा, हुशार, घाईत. आमच्या जुन्या कुळातल्या एका घरचा नातू. त्याच्या घरचे नाव वहीत आहे, शेवटच्या हप्त्यासकट. तो चपला काढून सरळ ओटीवर आला, शिडी लावली आणि वर चढताना एका खांबाला हात लावून थांबला.

“मास्तर, हे खांब विकणार नाही ना तुमचे बंधू?”

मी म्हटले, “नाही. का रे?”

“आमच्या पणज्याने आणलेले रानातनं. चार जणांनी खांद्यावर. आजी सांगायची.” त्याने कोरीव कामावरून अंगठा फिरवला. “काय काम केलंय बघा.”

त्याच्या स्वरात गाऱ्हाणे नव्हते. जे होते त्याला अभिमानच म्हणावे लागेल. मी खाली शिडी धरून उभा होतो. पणज्याला त्याची मजुरी मिळाली होती का, हे वहीत नाही, कारण वेठीची वही कोणी ठेवीत नसे. त्याला ते विचारावे असे फार मनात आले, पण तो तारा ओढू लागला होता, आणि मला म्हणाला, “जरा पक्की धरा, मास्तर, हलते आहे.”

पाटी अजून लागलेली नाही. भावाचे पत्र आले आहे, रंग कोणता द्यायचा ते विचारणारे.