ध चा मा

गेल्या मार्गशीर्षांत धाकट्या बंधूंचीं दोन्ही मुलें मुंबईहून आमच्याकडे राहावयास आलीं होतीं. त्यांस जुनें पुणें दाखवावें हा बेत माझ्या पत्नीचा. वाटाड्याचें काम अर्थातच मजकडे आलें. रविवारीं सकाळीं तांबट आळींत शिरलों तों हातोड्यांचे ठोके ऐकूं येऊं लागले. आठ वर्षांचा पुतण्या मठारकाम करणाऱ्या एका कारागिरासमोर असा खिळून राहिला कीं त्यास ओढूनच पुढें न्यावें लागलें. कसब्याच्या गणपतीचें दर्शन घेऊन लाल महालापाशीं आलों. तेथें मीं मुलांस स्पष्ट सांगितलें कीं ही इमारत १९८८ मध्यें पुरी झालेली आहे. १६६३ मध्यें शाएस्तेखानाचीं बोटें जेथें तुटलीं तो वाडा केव्हांच नाहींसा झाला. मुलें हिरमुसलीं. मला मात्र आपल्या सत्यनिष्ठेचें जरासें कौतुकच वाटलें. तें फार वेळ टिकावयाचें नव्हतें.

शनिवारवाड्याचा पाया पहिल्या बाजीरावानें १० जानेवारी १७३० रोजीं घातला, आणि १८२८ च्या आगींत आंतलें बहुतेक सारें भस्म झालें. उरले ते तट, बुरूज, दरवाजे आणि जोतीं. दिल्ली दरवाजाचे लोखंडी सुळे मोजून झाल्यावर मुलांस तेथें करण्यासारखें कांहीं राहिलें नाहीं. जोतें हें असें कीं त्यावर गोष्ट उभी केल्यावांचून तें दिसतच नाहीं. म्हणून मीं गोष्ट सांगितली.

ती कोणास ठाऊक नाहीं? ३० ऑगस्ट १७७३. पेशवा नारायणराव अवघा अठरा वर्षांचा. चुलता रघुनाथराव त्याच वाड्यांत नजरकैदेंत. गारदी आंत घुसले, मुलगा जीव घेऊन चुलत्याकडे धावला, आणि तेथेंच त्यास कापून काढण्यांत आलें. चुलत्यानें गारद्यांस लिहून दिलें होतें ‘धरावें’. आनंदीबाईनें ‘ध’ चा ‘मा’ केला. वडिलांनीं मला सांगितली त्याच चढउतारानें, नेमक्या जागीं आवाज खालीं आणून, मीं ती सांगितली. ‘काका, मला वाचवा’ हे शब्द मला काका म्हणणाऱ्या मुलांपुढें उच्चारतांना जीभ किंचित् अडखळली, एवढेंच. पुतण्यानें लगेच पौर्णिमेच्या भुताची चौकशी केली. त्याची बहीण बारा वर्षांची. ती म्हणाली, “काका, त्यांना अक्षर बदलतांना कोणी पाहिलं होतं?”

मीं म्हटलें, “तसें म्हणतात.”

“आणि नुसतं ‘धरा’ लिहिणं चांगलं होतं का?”

मी तीस वर्षें कॉलेजांत तर्कशास्त्र शिकवीत आलों आहें. पुरावा कशास म्हणावें, ऐकीव गोष्टीची किंमत किती, हें मीं फळ्यावर किती वेळां लिहिलें असेल याची गणती नाहीं. आणि एका मृत स्त्रीवर खुनाचा आरोप मी तितकींच वर्षें दिवाणखान्यांत, सहलींत, एकदां तर परीक्षेच्या प्रश्नांतही, सहज करीत आलों होतों. तो खाडाखोडीचा कागद आज आपल्यापुढें नाहीं. रामशास्त्री प्रभुण्यांनीं चौकशी केली आणि दोषी ठरविलें तें रघुनाथरावास. पण ही गोष्ट लोकांच्या तोंडीं अशी बसली आहे कीं ‘ध चा मा करणें’ हा भाषेंतला वाक्प्रचारच होऊन गेला. भाषेनें दिलेल्या शिक्षेवर अपील कोठें करावयाचें?

मुलीचा दुसरा प्रश्न पहिल्याहून खोल होता. या कथेनें एका बाईस दोष दिला एवढेंच नव्हे. तिनें चुलत्याचा अर्धा अपराध धुऊन काढला. त्यानें तर फक्त ‘धरावें’ म्हटलें! जणू पगारी शिपायांच्या हातीं अठरा वर्षांचा पुतण्या देणें ही एक घरगुती बाब होती. पुरुषाची महत्त्वाकांक्षा स्त्रीच्या पदरीं बांधली कीं घराण्याची लाज थोडी झांकते. ही सोय आपण इतिहासांतच करतों असें नाहीं. भाऊबंदकीच्या वाटण्या ज्यांनीं जवळून पाहिल्या आहेत त्यांस अधिक सांगणें न लगे.

आमचें बोलणें ऐकून पत्नी म्हणाली, “मुलांना गोष्ट हवी, खटला नको.” यांत तथ्य आहे. पुराव्याच्या कसोटीस उतरेल तेवढेंच सांगेन म्हटलें तर शनिवारवाड्याचीं पुन्हा जोतींच उरतील. मग मीं चापाजी टिळेकराची हकीकत सांगितली. हा सेवक नारायणरावाच्या अंगावर आडवा पडला व त्याच्याबरोबर मारला गेला, असें सांगतात. मुलगा भूत विसरून ऐकूं लागला. परंतु सांगतां सांगतां माझ्या मनांत आलें कीं हेंही परंपरेनेंच आलेलें आहे. मग एकीस नाकारून दुसरीस जवळ करण्याचा मला अधिकार काय? मला इतकेंच म्हणतां येतें कीं चापाजीस चुकून अधिक मान मिळाला तर कोणाचें नुकसान होत नाहीं. आनंदीबाईस चुकून दोष लागला तर होतें. ती १७९४ मध्यें वारली, तेव्हां नुकसान कोणाचें, असें कोणी विचारील. तिला उत्तर देतां येत नाहीं, हेंच माझ्या मतें त्या प्रश्नाचें उत्तर आहे. ती निर्दोष होती असेंही मी म्हणत नाहीं. तें म्हणण्यासही पुरावा लागेल.

परततांना आम्ही नारायण दरवाजापाशीं थांबलों. तेथें एक गृहस्थ आपल्या दोन लहान मुलींस घेऊन उभे होते. त्यांनीं आवाज खालीं आणला, नेमका जेथें मी आणतों तेथेंच, आणि ‘ध’ चा ‘मा’ केला. मुली डोळे विस्फारून ऐकत होत्या. माझ्या पुतणीनें एकवार त्यांच्याकडे पाहिलें, मग माझ्याकडे. परक्या माणसास त्याच्या मुलींदेखत अडवावें कसें, अशी एक सभ्य सबब मला तत्काळ सुचली. मीं मुलांस हातानें खूण केली आणि आम्ही बसच्या थांब्याकडे वळलों.